हात लावल्याशिवाय काही कळत नाही म्हणे!

गरोदर बाईच्या काही तपासण्या फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकतात, असं नुसतं म्हणून बघा. समोर स्त्रीरोगतज्ज्ञ असो, जिल्हा परिषदेतला अधिकारी असो की वर्तमानपत्रात आरोग्यावर सदर लिहिणारा सज्जन असो, कपाळाला आठी ठरलेली. ‘पोटाला हात लावल्याशिवाय काय कळणार?’ हा पहिला प्रश्न. मग ‘बीपी कोण मोजणार, त्या बायका?’ मग आवाज जरा खाली आणून, ‘गरिबांच्या माथी दुय्यम सेवा मारायचा हा नवा मार्ग आहे.’ आणि शेवटी हुकमाचा एक्का: ‘बाळंतपणात कमी जोखीम असं काही नसतंच हो. कधी काय होईल, सांगता येत नाही.’ एवढं बोललं की विषय संपला असं धरून मंडळी चहाकडे वळतात.

विषय संपलेला नाही. पण त्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडतो. अर्धवट ऐकून निकाल देण्याची सवय त्यांची आहे, माझी नको. ते म्हणतात: अनुभवी हाताला आणि डोळ्याला जे कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही. फोनवर बोलून बाईला खोटा दिलासा मिळतो, ती दवाखान्यात यायचं टाळते आणि आठव्या महिन्यात झटके येऊन दाखल होते. आपल्या बायकांकडे स्वतःचा फोन नाही, डोंगरात रेंज नाही, मशीनवरचा आकडा वाचून त्याचा अर्थ लावण्याइतकं शिक्षण नाही. सबब ही थेरं अमेरिकेला शोभतात, आपली रांगच बरी.

आधी त्या हाताकडेच बघू. सरकारी दवाखान्यातली एक तपासणी म्हणजे काय असते? वजन, बीपी, रक्त, लघवी, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, कार्डावर नोंद. यातल्या निम्म्या गोष्टींना डॉक्टरचा हात लागतच नाही. वजन आणि बीपी आरोग्य सेविका बघते, रक्त प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ तपासतो. हात लागतो तो पोटाला, आणि तो लागलाच पाहिजे. छत्तिसाव्या आठवड्यानंतर बाळाचं डोकं खाली आहे की बाळ आडवं पडलंय, हे कुठलाही व्हिडिओ सांगणार नाही. सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच व्हायला हवी, आपल्याकडे तसा कायदाच आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची, तीही केंद्रातच बघावी. हे सगळं मान्य. किंबहुना हे नाकारलंय तरी कोणी? कमी जोखमीच्या बाईच्या सगळ्या तपासण्या फोनवर करा, असं शहाण्या माणसाने कधी म्हटलेलं नाही. पण त्या न केलेल्या मागणीचा समाचार घेणं सोपं असतं, म्हणून तोच घेतला जातो.

राहतात त्या बाकीच्या गोष्टी. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, चेहरा सुजतो का, अंगावरून जातं का, बाळ हलतं का. हे विचारायला हात लागत नाही, वेळ लागतो. आणि नेमका तोच रांगेत नसतो.

लोहाच्या गोळ्यांचंच घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशभरात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता होत्या जेमतेम २६ टक्के. गोळ्या वाटल्या जात नाहीत असं नाही. गोळी घेतली की मळमळतं, पोट धरतं, शौचाला काळं होतं. बाई घाबरते, किंवा घरातलं कुणी म्हणतं की या गोळ्यांनी बाळ काळं होतं, आणि पाकीट फडताळात जातं. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला ‘गोळ्या घेता ना?’ ‘हो.’ ‘पुढच्या.’ झाली तपासणी. त्याऐवजी गोळ्या सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी ओळखीच्या सेविकेने फोन केला आणि म्हणाली, ‘अगं, मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घे. चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घे. आणि शौचाला काळं होणारच, त्यात भ्यायचं काही नाही.’ याला वैद्यकीय सेवा म्हणायचं की नाही? की ती सेवा ठरण्यासाठी बाईने एसटीने तालुक्याला यावं, दिवसाची मजुरी बुडवावी, तीन तास बाकावर बसावं आणि वर दिलेला तीन वाक्यांचा संवाद साजरा करून परत जावं, अशी अट आहे?

आता त्या वेळापत्रकाकडे वळू, ज्याला हात लावायचा म्हटलं की धर्म बुडतो. महिन्यातून एकदा, सातव्या महिन्यानंतर पंधरवड्याने, शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला. शहरातल्या खाजगी दवाखान्यांत आजही साधारण हाच क्रम असतो. तो आला कुठून? १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने काढलेल्या एका परिपत्रकातून. त्यामागे कुठला शास्त्रीय प्रयोग नव्हता. जाणकारांना तसं योग्य वाटलं, एवढाच आधार. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, घरात बीपी मोजायचं यंत्र नव्हतं. जवळपास शंभर वर्षं हे वेळापत्रक चाललं ते सवयीने. जुनं आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, हे खरं. पण फोनच्या एका संपर्कासाठी दहा देशांतले प्रयोग मागणाऱ्यांनी या परिपत्रकाकडे कधी पुरावा मागितला होता का?

बरं, सरकारी व्यवस्थेत तर तेही वेळापत्रक नाही. तिथे किमान चार तपासण्या: पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस, चौथी छत्तीस आठवड्यांनंतर. हे आकडे शांतपणे वाचा. पहिली तपासणी बाराव्या आठवड्यात आणि दुसरी सव्विसाव्यात झाली, तरी कागदोपत्री सगळं वेळेवर. तिसरी अठ्ठाविसाव्यात झाली आणि चौथी छत्तिसाव्यात, तरीही सगळं वेळेवर. म्हणजे सातव्या महिन्यापासून नवव्यापर्यंत, रक्तदाब चढण्याच्या आणि बाळाची वाढ खुंटण्याच्या ऐन काळात, पूर्ण आठ आठवडे बाईला कुणी ‘कशी आहेस?’ असं विचारलं नाही तरी रकाना भरलेला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाने २०१६पासून दर महिन्याची ९ तारीख राखून ठेवली, त्याने काही भर पडली. पण नऊ तारखेला गाडी मिळाली नाही की पुढची नऊ तारीख.

ही पोकळी किती महाग पडते, हेही ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अर्जेंटिना, क्युबा, सौदी अरेबिया आणि थायलंडमध्ये मोठा प्रयोग करून २००१मध्ये सांगितलं होतं की कमी जोखमीच्या बाईला चार तपासण्या पुरतात. पुढे त्याच प्रयोगातली माहिती पुन्हा चाळली, तेव्हा कमी भेटींच्या गटात गर्भमृत्यू जास्त दिसले, आणि ते प्रामुख्याने बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान. २०१६मध्ये संघटनेने चारावरून आकडा आठवर नेला, आणि शब्द वापरला तो ‘संपर्क’. आपण चारवरच राहिलो. महाराष्ट्रात चार तपासण्या झालेल्या माताही त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ७० टक्केच होत्या, आणि हे बाळंतपण दवाखान्यात होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात असलेल्या राज्यात! बाळंत व्हायला सगळ्या येतात. त्याआधीच्या महिन्यांत त्या आपल्याला दिसत नाहीत.

म्हणून ‘कधी काय होईल सांगता येत नाही’ हा एक्का खेळणाऱ्यांचे मला खरोखर आभार मानावेसे वाटतात. कधीही काही होऊ शकतं, अगदी बरोबर. बारा आठवड्यांना धडधाकट असलेल्या बाईचा रक्तदाब एकतिसाव्या आठवड्यात १५०वर १०० होऊ शकतो. मग तो एकतिसाव्या आठवड्यात कुणाला कळणार? ज्याची भेट छत्तिसाव्यात आहे त्याला? जोखीम केव्हाही उद्भवू शकते, हा जास्त वेळा संपर्क ठेवण्यासाठीचा मुद्दा आहे. तो फोनच्या विरोधात वापरायला वेगळ्याच जातीचं तर्कशास्त्र लागतं. कमी जोखीम हा काही कार्डावर मारलेला कायमचा शिक्का नसतो. आधीचं सिझेरियन, जुळं, साखर, सात ग्रॅमखाली गेलेलं हिमोग्लोबिन, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल, हे पहिल्या तपासणीत समोरासमोर बघून वेगळं काढायचं. उरलेल्यांकडे दर पंधरवड्याला नव्याने बघायचं आणि शंका आली की दवाखान्यात बोलवायचं.

पुरावा? आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर इथल्या मेयो क्लिनिकने कमी जोखमीच्या ३०० गरोदर स्त्रियांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत विभागणी. एका गटाला नेहमीच्या भेटी. दुसऱ्याला आठ प्रत्यक्ष भेटी, सहा दूरस्थ आणि घरी मोजायची साधनं. २०१९मध्ये निष्कर्ष छापून आले: दुसऱ्या गटातल्या बायका जास्त समाधानी, गरोदरपणाचा ताण कमी, आणि आई-बाळाच्या प्रकृतीत फरक नाही. तीनशे बायकांवरून दुर्मीळ मृत्यूंबद्दल काही सिद्ध होत नाही, हे खरंच. म्हणून मेलबर्न बघा. २०२०च्या साथीत तिथल्या मोनॅश हेल्थने निम्म्याहून अधिक तपासण्या दूरस्थ केल्या आणि आधीच्या दोन वर्षांतल्या वीस हजारांहून अधिक बाळंतपणांशी तुलना केली. कमी जोखमीच्या बायकांमध्ये मृतजन्म, रक्तदाबाचा विकार, मधुमेह, वाढ खुंटलेलं बाळ ओळखण्यात राहून गेलेली चूक, कशातच लक्षणीय वाढ नाही. ‘साथीत नाइलाज होता’ म्हणणाऱ्यांना विचारावं: नाइलाजाने केलेली गोष्ट नीट पार पडली, तर ती मर्जीने करायला काय हरकत?

विरोधकांच्या हाती खरं धारदार शस्त्र वेगळंच आहे आणि ते त्यांनी उचललेलं नाही, म्हणून मीच देतो. ब्रिटनमध्ये २०२२मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, बायकांनी घरी बीपी मोजल्याने रक्तदाबाचं निदान लवकर झालं नाही. आणि आपल्या अंगणातलं उदाहरण: बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, तसंच पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या हाती मोबाइल ॲप आणि बीपीचं यंत्र देऊन प्रयोग झाला. २०२०मध्ये निकाल आला. एकूण गोळाबेरजेत फरक पडला नाही. मग संपलं का? पुढची ओळ वाचा. ज्या बायकांशी आठ किंवा जास्त वेळा संपर्क झाला, त्यांच्यात गुंतागुंत कमी दिसली. ब्रिटनमध्ये सुईणीकडे नियमित जाणाऱ्या बाईला घरच्या यंत्राने फारसं जास्त काही दिलं नाही, यात नवल नाही. तिची पोकळी मुळातच लहान. यंत्राने किंवा ॲपने एकट्याने काही होत नाही, कुणीतरी पुन्हापुन्हा विचारत राहावं लागतं. आरोग्य खात्याने टॅब्लेट वाटून फोटो काढून घेण्याआधी बेळगावचा हा निकाल भिंतीवर लावायला हवा.

‘दुय्यम सेवा’ या आरोपाने मात्र मला हसू येतं. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही बऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा व्हॉट्सॲप उघडून बघा. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो, ‘मॅडम, आज थोडं स्पॉटिंग आहे’, ‘मॅडम, साखर उपाशीपोटी ९८ आली, काय करू?’ आणि मॅडम दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत उत्तरही देतात: ‘येऊन दाखव’ किंवा ‘काळजी नको, शनिवारी बघू’. हिंजवडीतल्या बाईसाठी ही तत्पर, घरच्यासारखी सेवा असते. तीच सोय धडगावच्या किंवा भामरागडच्या बाईला द्या म्हटलं की एकदम ती दुय्यम, धोकादायक आणि अशास्त्रीय होते! दूरस्थ तपासणी महाराष्ट्रात केव्हाच रुजली आहे. ती फक्त ज्यांच्याकडे डॉक्टरांचा खाजगी नंबर आहे त्यांच्यापुरती राहिली आहे, आणि त्या नंबरवरचं बोलणं कुठल्या कार्डावर नोंदलंही जात नाही. गरिबाला कमी देण्याची जी भीती ही मंडळी व्यक्त करतात, ते कमी देणं आज चालूच आहे.

बायकांना बीपी मोजता येणार नाही, हे दुसरं. बीपीचं स्वयंचलित यंत्र दीड-दोन हजारांत मिळतं. पाच मिनिटं टेकून बसायचं, पट्टा दंडाला नीट बसवायचा, बटण दाबायचं. यंत्र गरोदरपणासाठी तपासून घेतलेलं असावं आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा, या दोन गोष्टी खरेदी करणाऱ्या कार्यालयाला कळायला हव्यात. त्या न कळण्याची शक्यता बायकांच्या अज्ञानापेक्षा मला जास्त वाटते. घरोघरी यंत्र नको, आशाताईकडे एक असलं तरी गावाचं भागतं. ‘गावच्या बाईला हे जमेल का’ हा प्रश्न महाराष्ट्राने आधीही ऐकलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्यांनी घरातच नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखला आणि इंजेक्शनंही दिली. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला तेव्हा तिथला नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटलेला होता. २०११पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेणं हे देशभरातल्या आशांचं काम झालं. गडचिरोलीतल्या बाईला बाळाला इंजेक्शन देता येतं, आणि बटण दाबून आलेला आकडा फोनवर वाचून दाखवता येत नाही?

कायद्याचा बागुलबुवा लवकर आटोपतो. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हापासून ‘फोनवर औषध सांगितलं तर तुरुंग’ अशी धास्ती बसली. ते प्रकरण काय होतं? सिझेरियननंतर घरी गेलेली बाई त्रास होऊन पुन्हा दाखल झाली, तिला बघायला डॉक्टर हजर नव्हते, औषधं फोनवरून सांगितली गेली, ती दगावली. आजारी बाई दवाखान्यात आणि डॉक्टर बाहेर. याचा संबंध धडधाकट बाईला घरी केलेल्या नियोजित फोनशी कसा जोडायचा? शिवाय २५ मार्च २०२०ला केंद्राने दूरस्थ वैद्यकाचे नियम काढले. कुठली औषधं सांगता येतात, प्रत्यक्ष बोलवायचा निर्णय कसा घ्यायचा, सगळं त्यात आहे. पाच-सहा वर्षं झाली, वाचून घ्यायला हरकत नव्हती.

फोन आणि रेंज. होय, त्या कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच होत्या आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३ टक्के. म्हणून व्हिडिओचा हट्ट सोडा. साधा आवाजाचा फोन पुरतो. तोही नसेल तिथे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसून ई-संजीवनीवर तज्ज्ञाशी बोलता येतं. ही व्यवस्था २०१९पासून आहे. तिचा दोष एवढाच की रांगेत जो डॉक्टर मोकळा असेल तो भेटतो, आणि गरोदर बाईला दर खेपेला नवा चेहरा नको असतो. एक गोष्ट मात्र फोनवर कधी विचारू नये: घरात मारहाण होते का. फोन नवऱ्याच्या हातात, स्पीकर चालू, सासू शेजारी. ते समोरासमोर, दार लावून विचारायचं. तपासण्या प्रत्यक्ष ठेवाव्यात याचं हे कारण पोटाला हात लावण्याइतकंच वजनदार आहे; विरोधकांच्या तोंडून ते अजून ऐकलेलं नाही.

आणि मेळघाटच्या रेंजची एवढी काळजी वाहणाऱ्यांना ऊसतोडीला गेलेली बाई कशी दिसत नाही? दिवाळीच्या सुमारास बीडमधून कोयता निघतो. धारूर-केजची बाई चौथ्या महिन्यात कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडच्या कारखान्यावर जाते. गावच्या उपकेंद्रातलं नाव तिथेच राहतं. कोपीत राहायचं, पहाटे फडात, दुपारी मोळ्या. तपासणीला गेली की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. गावची सेविका म्हणते, ती बाहेरगावी आहे. कारखान्याजवळची म्हणते, ती आमच्या यादीत नाही. चैत्रात परत येते तेव्हा आठवा-नववा लागलेला असतो, नाहीतर बाळ झालेलं असतं. या बाईला दोन्ही बाजूंच्या तपासण्यांचे रकाने शोधू शकत नाहीत, पण नवऱ्याचा मोबाइल त्याच कोपीत असतो. मुकादम उचल द्यायला आणि टोळी बोलवायला बरोबर त्याच नंबरवर फोन करतो. तेव्हा रेंज असते. तो नंबर आरोग्य खात्याला का सापडत नाही? गावच्या सेविकेने दर पंधरवड्याला फोन करावा, चार प्रश्न विचारावेत, उत्तर वाकडं आलं तर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं, गरज पडली तर १०८ बोलवावी. यात अवघड काय आहे? सेविकेला या कामाचा वेळ आणि आशाताईला त्याचा मोबदला द्यावा लागेल, हे अवघड आहे. मेयोच्या प्रयोगातही परिचारिकांचं काम वाढलंच होतं. दूरस्थ सेवा स्वस्तात पडेल म्हणून तिच्याकडे बघणाऱ्या अर्थखात्याशी माझं भांडण विरोधकांइतकंच आहे. भेटी कापायला फोन वापराल तर २००१ची चूक पुन्हा कराल.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. कमी जोखमीच्या प्रत्येक बाईच्या प्रत्यक्ष तपासण्या आहेत तेवढ्या राहतील, एकही कमी होणार नाही. त्यांच्या मधल्या काळात दर पंधरवड्याला ओळखीच्या आवाजाचा फोन, त्या फोनची कार्डावर नोंद, गावात चालू स्थितीतलं बीपीचं यंत्र, १४०वर ९०च्या पुढे आकडा गेला किंवा डोकं दुखायला लागलं की त्याच दिवशी गाडी. ज्यांना हे धोकादायक वाटतं, त्यांनी खुशाल विरोध करावा. पण अठ्ठावीस ते छत्तीस या आठ आठवड्यांत आज त्या बाईला कोण विचारतं, याचं उत्तर त्या विरोधाला जोडून लेखी द्यावं.